बेइमान वेलीची वाइन : बोजोले आणि गामे

मित्रहो, नमस्कार.

आज एका फ्रेंच रेड वाइनबद्दल बोलायचं आहे, आणि सुरुवात एका शिवीपासून करतो. ३१ जुलै १३९५ रोजी फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांताचा ड्यूक फिलिप द बोल्ड यानं एक फर्मान काढलं. त्यात द्राक्षाच्या एका जातीला चक्क नाव घेऊन शिव्या आहेत. ही वेल अतिशय वाईट आणि बेइमान आहे, हिची वाइन भयंकर कडू होते, माणसाच्या प्रकृतीला ती घातक आहे, तेव्हा माझ्या मुलखातून ती नाहीशी करा, असा एकूण सूर. रयतेला बेइमान म्हणणारे सत्ताधीश पुष्कळ होऊन गेले, पण झाडाला बेइमान म्हणणारा मला तरी हा एकच माहीत आहे. त्या वेलीचं नाव गामे. आज जिच्याविषयी बोलणार आहे ती बोजोले ही रेड वाइन जवळजवळ सगळी याच द्राक्षाची असते.

ड्यूक चिडला होता त्याला कारण होतं. १३४८ च्या प्लेगनं फ्रान्समधली गावंच्या गावं रिकामी केली होती. मजूर मिळत नव्हते. बर्गंडीचं मानाचं द्राक्ष म्हणजे पिनो न्वार. नाजूक, नखरेल, माल कमी देणारं. त्याच्या मानानं गामे लवकर पिकते आणि भरपूर लागते. ज्याच्याकडे माणसं कमी आणि खाणारी तोंडं तेवढीच, तो शेतकरी कुठली वेल लावेल? इथे नाशिककडचे बागायतदार बसले आहेत, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

ड्यूकचा हिशेब वेगळा होता. त्याची बायको फ्लँडर्सच्या सरदाराची मुलगी, आणि १३८४ पासून फ्लँडर्सचा श्रीमंत मुलूख त्याच्याच ताब्यात आलेला. बर्गंडीतल्या बोन गावची वाइन तिकडच्या बाजारात जाई, नजराणा म्हणून राजदरबारांत जाई. तिच्या नावाला बट्टा लागणं म्हणजे ड्यूकच्याच नावाला लागणं. त्याच फर्मानात त्यानं द्राक्षबागेत शेणखत घालायलाही मनाई केली होती. म्हणजे रोख कुठे होता बघा. भरघोस पिकावर. गामेचा गुन्हा कडूपणा नव्हता, ती जास्त लागत होती हा होता. फर्मानाचा उपयोग किती झाला? पुढे त्याचा नातू फिलिप द गुड यालाही तीच बंदी पुन्हा घालावी लागली. एवढं उत्तर पुरे.

यातली गंमत सहाशे वर्षांनी उघड झाली. १९९९ मध्ये डीएनए तपासणीतून सिद्ध झालं की गामे ही खुद्द पिनोचीच संतती आहे. पिनो आणि ग्वे ब्लाँ नावाचं एक गावठी, कोणी फारसा मान न दिलेलं पांढरं द्राक्ष, यांच्या संकरातून ती आपोआप निपजली. त्याच जोडीतून शार्डोने आली. म्हणजे ज्या शार्डोनेच्या बाटलीला जग आज हजारो रुपये मोजतं, तिची ही सख्खी बहीण. ड्यूकनं घराबाहेर काढली ती घरचीच पोर होती.

आता नकाशावर या. बर्गंडीच्या दक्षिणेला माकों हे गाव, त्याच्या खाली लिऑन शहर. या दोघांच्या मध्ये, सोन नदीच्या पश्चिमेला, टेकड्यांचा सुमारे ५५ किलोमीटर लांबीचा पट्टा आहे. तो बोजोले. हा मुलूख बोजूच्या सरदारांचा होता आणि १४०० मध्ये तो बूर्बों घराण्याकडे गेला, त्यामुळे बर्गंडीच्या ड्यूकचं फर्मान इथे लागू नव्हतं. पण केवळ हद्दीपलीकडे गेल्यानं वेलीचं नशीब उघडत नाही. इथली जमीन तिला मानवली. बर्गंडीतली माती चुनखडीची आणि चिकण, बोजोलेच्या उत्तर भागात मात्र ग्रॅनाइट आहे. पिंगट-गुलाबी खडकाची भरड वाळू, पाणी न धरणारी, कस कमी असलेली. उतू जाणाऱ्या वेलीला अशी जमीन आपोआप आवर घालते. माल कमी लागतो, मणी लहान राहतात, रसाला धार येते. दक्षिणेकडे पुन्हा चिकण माती आणि चुनखडी आहे. तिथली गावं सोनेरी दगडांच्या घरांची, बघायला फार सुंदर. वाइन मात्र उत्तरेइतकी खोल नसते.

प्रतवारी तीन पायऱ्यांची आहे. साधी बोजोले, तिच्यावर ३८ गावांच्या शिवारातली बोजोले-व्हिलाज, आणि सगळ्यांत वर दहा ‘क्रू’. क्रू म्हणजे इतकं नाव कमावलेलं शिवार की बाटलीवर फक्त त्याचंच नाव पुरतं. उत्तरेकडून खाली यायचं तर सँतामूर, जुलिएना, शेना, मुलाँ-आ-व्हाँ, फ्लरी, शिरूब्ल, मॉर्गों, रेन्ये, ब्रुयी आणि कोत द ब्रुयी. रेन्येला हा मान १९८८ मध्ये मिळाला, ते सर्वांत धाकटं. दुकानात याचा एक घोटाळा होतो. क्रूच्या लेबलवर पुष्कळदा ‘बोजोले’ हा शब्द ठळकपणे नसतोच, त्यामुळे लोक मॉर्गों विकत घेतात आणि बोजोले आपल्याला आवडत नाही असं सांगत फिरतात.

दहाही नावं पाठ करू नका. तीन लक्षात ठेवा. फ्लरी ही हलकी, फुलांच्या वासाची. मुलाँ-आ-व्हाँ सर्वांत दणकट. तिथल्या मातीत मँगनीज आहे आणि शिवाराला नाव दिलं आहे टेकडीवरच्या जुन्या पवनचक्कीनं. आणि मॉर्गों, तिच्यातही कोत द्यु पी ही टेकडी. तिथला दगड हातात चुरतो, स्थानिक लोक त्याला सडका खडकच म्हणतात. त्या वाइनला पिकलेल्या चेरीचा वास, आणि काही वर्षं ठेवली तर ती पिनो न्वारकडे झुकायला लागते. आपल्या बापावर जाते म्हणा. मला विचाराल तर पहिली बाटली मॉर्गोंची घ्यावी.

या भागातल्या शेतकऱ्यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे एका अळीनं थैमान घातलं होतं. वसंतात कोवळी पालवी फुटली की ही अळी ती फस्त करायची. रोमानेश गावात बेन्वा राक्ले नावाचा एक गृहस्थ होता. त्याच्या घराच्या भिंतीला लागून एक वेल होती. गावातल्या बागा उजाड, पण ही वेल हिरवीगार. शोध घेतल्यावर लक्षात आलं की स्वयंपाकघरातलं कढत पाणी रोज त्या वेलीच्या बुडाशी ओतलं जात होतं. अळ्या हिवाळ्यात सालीच्या फटींत दडून बसतात, गरम पाण्यानं त्या तिथेच मरत होत्या. राक्लेनं हिवाळा संपता संपता आपल्या बागेतल्या प्रत्येक खोडावर कढत पाणी घालायला सुरुवात केली. लोकांनी वेड्यात काढलं. काही वर्षांनी सगळा प्रदेश बंब घेऊन बागेत उतरला. राक्ले १८४४ मध्ये गेला. आजही ऑक्टोबरच्या अखेरीस रोमानेशमध्ये त्याच्या नावानं उत्सव भरतो आणि तिथे वर्षाची नवी वाइन मांडली जाते. फवारणीच्या औषधांचे कारखाने निघायच्या आधीचा काळ आहे हा.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून फिलॉक्सेरा आला, मुळांवर जगणारा मावा. त्यावर अळीसारखा सोपा इलाज नव्हता. अमेरिकन खुंटावर युरोपी वेलीचं कलम करणं हाच मार्ग उरला, आणि शिरूब्लचा व्हिक्तोर प्युलिया त्यासाठी हिरिरीनं भांडला. गावात त्याचा पुतळा आहे. आपल्याकडे नाशिक-सांगलीत डॉगरिज खुंटावर कलमं होतात, कारण इथे पाणी कमी आणि जमीन खारवट. डॉगरिजचं मूळही अमेरिकेतलंच.

आता वाइन कशी होते ते पाहू, कारण बोजोलेचं खरं वेगळेपण टाकीत आहे. नेहमीच्या रेड वाइनसाठी द्राक्षं देठांपासून सोडवतात, फोडतात, आणि रस सालींसकट आंबवतात. बोजोलेत घड न फोडता, देठासकट, अख्खाच्या अख्खा टाकीत टाकतात. म्हणून इथली काढणी पिढ्यान् पिढ्या हातानंच होत आली. यंत्र घड झोडपून फक्त मणी पाडतं, ते इथे चालत नाही. टाकीच्या तळाचे घड वरच्या वजनानं चेपतात, त्यांचा रस सुटतो, यीस्ट कामाला लागतं आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवेपेक्षा जड असलेला हा वायू टाकी भरून टाकतो. वरचे मणी आता शाबूत आहेत, पण त्यांना प्राणवायू मिळत नाही. अशा वेळी मण्याच्या आतल्या पेशीच, यीस्टच्या मदतीशिवाय, साखरेचं थोडं अल्कोहोल करायला लागतात. साधारण दोन टक्क्यांपर्यंत अल्कोहोल झालं की मणी दम तोडतो आणि फुटतो. या अवधीत फळातलं मॅलिक आम्ल, म्हणजे हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा, बराच उतरतो. सालीचा रंग गराकडे झिरपतो. पण तोंडाला तुरटी आणणारे टॅनिन फारसे सुटत नाहीत. जोडीला चेरी, रासबेरी, कधी केळ्याचे वास तयार होतात.

या प्रक्रियेमागचं शास्त्र १९३४ मध्ये मिशेल फ्लांझी या फ्रेंच संशोधकाच्या हाती लागलं. तो खरं तर द्राक्षं ताजी ठेवायचा उपाय शोधत होता. कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवलेली द्राक्षं काही ताजी राहिली नाहीत, पण आत वेगळंच काही घडलेलं दिसलं. बोजोलेचे शेतकरी हे त्याच्या आधीपासून, नाव न देता, करत होतेच.

अशी वाइन लवकर तयार होते. तिला वर्षानुवर्षं पिंपात ठेवायची गरज नसते. लिऑनच्या खानावळींत पूर्वीपासून नोव्हेंबरात नवी बोजोले पिपातून थेट विकली जाई. १३ नोव्हेंबर १९५१ रोजी सरकारी परवानगी मिळाली की ही नवी वाइन, बोजोले नूव्हो, ठरल्या मुदतीच्या आधी बाजारात आणता येईल. मग ती सर्वात आधी कोण पोचवतो याच्या शर्यती लागल्या. १९७० च्या दशकात लंडनपर्यंत मोटारी पळाल्या, विमानं उडाली. जॉर्ज द्युबफ नावाच्या हुशार व्यापाऱ्यानं फुलांची रंगीबेरंगी लेबलं छापून ती जगभर नेली. १९८५ पासून दिवस ठरला, नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार. बुधवारच्या मध्यरात्री बोजू गावात वेलीच्या वाळक्या काड्यांच्या मशाली पेटवतात आणि बाराच्या ठोक्याला पिंप फोडतात. जपानमध्ये सूर्य आधी उगवतो, तेव्हा फ्रान्सच्या आधी तिथे बाटली उघडते. निर्यातीत जपान अनेक वर्षं पहिला आहे.

काढणी सप्टेंबरात, विक्री नोव्हेंबरात. हातात जेमतेम दोन महिने. या घाईनं पैसा आणला आणि अब्रू नेली. कच्ची द्राक्षं खुडायची, साखर घालून अल्कोहोल वाढवायचं, कारखान्यातलं तयार यीस्ट टाकायचं. सगळ्या बाटल्यांना एकच वास, केळ्याच्या गोळीचा. क्रूंना नूव्हो विकता येत नाही, तरी नाव सगळ्यांचंच खराब झालं. २००१ च्या हंगामातली दहा लाखांहून अधिक खोकी खपली नाहीत, ती वाइन नष्ट करावी लागली किंवा गाळून नुसतं अल्कोहोल काढावं लागलं. त्यावर एका फ्रेंच वाइनतज्ज्ञानं लिऑनच्या एका मासिकात बोजोलेला असा काही शब्द वापरला की तो मी या व्यासपीठावरून उच्चारू शकत नाही. बागायतदारांनी खटला भरला. खालच्या न्यायालयानं मासिकाला मोठा दंड ठोठावला. २००५ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं तो निकाल फिरवला. ड्यूकनंतर सहा शतकांनी गामेला पुन्हा शिवी बसली आणि यावेळी कोर्टानं ती चालवून घेतली. दोन्ही वेळा दोष वेलीचा नव्हता, हे माझं म्हणणं आहे. आधी जमीन चुकीची होती, नंतर घाई.

घाईला विरोध करणारी माणसं त्याच गावांत होती. ज्यूल शोवे हा वाइनचा व्यापारी आणि रसायनाचा अभ्यासक, जन्म १९०७ चा. त्याचं म्हणणं साधं होतं. द्राक्षं निरोगी आणि पुरती पिकलेली असतील, टाकी स्वच्छ आणि थंड असेल, तर सालीवरचं मूळचं यीस्ट पुरेसं आहे. बाहेरून साखर नको, वाइन टिकवायला गंधक नको. विलिए-मॉर्गोंच्या मार्सेल लापिएरनं १९८० च्या सुमारास हे ऐकलं आणि आपल्या बागेत करून पाहिलं. तणनाशक बंद, काढणी उशिरा, सडका मणी वेचून बाहेर. त्याच्याबरोबर फोयार, तेवने आणि ब्रतों हे शेजारी आले. आज ‘नॅचरल वाइन’ म्हणून जगभर जे फॅड आहे त्याचा एक मोठा झरा या चार घरांतून निघतो. फॅड म्हटलं, कारण गंधक न घातलेली प्रत्येक बाटली चांगली असते असं समजणाऱ्यांनी शोवेचा स्वच्छतेचा आग्रह सोयीनं वगळला आहे. लापिएर २०१० मध्ये गेला. त्याची मुलं बाग पाहतात.

आता जेवणाकडे. लिऑनला तीन नद्या आहेत असं तिकडे म्हणतात, ऱ्होन, सोन आणि बोजोले. लिऑन हे एकेकाळी रेशीम विणकरांचं शहर. पहाटेपासून मागावर बसलेले हे विणकर सकाळी नऊच्या सुमारास दणकून खायचे. त्या न्याहारीला माशों म्हणतात. सॉसेज, डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे, वजडी, आणि सोबत बोजोले. आजही शहरातल्या बूशों नावाच्या लहान खानावळींत हेच मिळतं. वाइन येते ती जाड बुडाच्या ४६० मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत, त्या बाटलीला ‘पो’ म्हणतात. आतड्यांचं आंदुयेत नावाचं सॉसेज मोहरीच्या सॉसबरोबर. वजडीला पावाचा चुरा लावून तळलेला तुकडा. अंड्याचं आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचं सॅलड. घट्ट ताज्या चीजमध्ये लसूण, पात आणि व्हिनेगर घालून केलेलं सेर्व्हेल द कान्यू. हे सगळं चरबीचं, खारट, उग्र जेवण आहे. त्यात बोर्दो प्रांताची टॅनिनची भारी रेड वाइन आणली तर जीभ जड होते. बोजोलेत टॅनिन कमी आणि आंबटपणा ताजा, शिवाय ती थंड प्यायची असते. माशांच्या ताटात सोलकढीचं जे काम, ते या ताटात हिचं. तोंड धुऊन निघतं आणि पुढच्या घासाची इच्छा होते.

क्रूंना याहून वरचं ताट चालतं. शेजारच्या ब्रेस प्रांताची कोंबडी फ्लरीबरोबर, शारोले गुरांचं मांस किंवा वाइनमध्ये मंद शिजवलेला कोंबडा मॉर्गों, जुलिएना, मुलाँ-आ-व्हाँबरोबर. शाकाहारी मंडळींनी निराश होऊ नये. प्युईच्या हिरव्या मसुराचं सॅलड, भाजलेली अळिंबी, बटाट्याचं साय घालून भट्टीत केलेलं ग्रातँ यांच्याशी साधी व्हिलाज उत्तम जाते. चीज मऊ घ्या, सँ-मार्सेलँसारखं.

आपल्या जेवणाचं काय, हा प्रश्न येणारच. अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही तिखटाचा भडका वाढवतात. म्हणून रेडमध्ये निवड करायची तर गामे सर्वांत समजूतदार. तंदुरी कोंबडी, खिमा, सुकं मटण, काळ्या मसाल्याचं पण बेताच्या तिखटाचं भरलं वांगं यांच्याबरोबर ती जमते. कोल्हापुरी तांबड्या रश्शापुढे मात्र कुठलीच वाइन टिकत नाही असं माझं मत आहे, तिथे उगाच पैसे घालवू नका.

तापमान. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हे वाक्य जुन्या, दगडी, थंड फ्रेंच घरांसाठी लिहिलेलं आहे. पुण्यातल्या मे महिन्यात खोली ३५ अंशांवर असते. साधी बोजोले १२ ते १३ अंशांना, क्रू १५ च्या आसपास. पिण्याआधी दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवली की झालं. कोणी रेड वाइनला फ्रिजमध्ये पाहून नाक मुरडलं तर मुरडू द्या.

राहिला प्रश्न साठवण्याचा. नूव्हो पुढच्या उन्हाळ्याच्या आत संपवा. साधी बोजोले आणि व्हिलाज दोन-तीन वर्षांत. मॉर्गों, मुलाँ-आ-व्हाँ चांगल्या सालाच्या असतील आणि तुमच्याकडे खरोखर थंड, अंधारी जागा असेल, तर दहा वर्षंही राहतात. ती जागा नसेल, आणि आपल्यापैकी बहुतेकांकडे नसते, तर बाटली घरी आणली त्याच आठवड्यात चार माणसं जेवायला बोलवा.